१४८ वी जागा: फॅटी लिव्हर ते कॅन्सर, जनुकांचा माग

पोटाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात हल्ली एक ओळ हमखास सापडते: ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’. सोनोग्राफी केलेली असते मुतखड्यासाठी किंवा पित्ताशयासाठी, ही ओळ सोबत फुकट मिळते. डॉक्टर सांगतात, वजन उतरवा, गोड-तेलकट आवरा. रिपोर्ट कपाटात जातो. बहुतेकांचं यकृत पुढे फारसं कुरकुरतही नाही. थोड्यांचं मात्र सुजतं, वर्षानुवर्षांच्या सुजेने त्यात व्रण साठत जातात, ते कडक होतं (यालाच सिरॉसिस म्हणतात), आणि त्यातल्याही काहींना कॅन्सर होतो. हे थोडे कोण, ते आधी ओळखता येईल का, या प्रश्नाची ही मागची गोष्ट.

दारू न पिणाऱ्याचं यकृत दारुड्यासारखं दिसू शकतं, यावर वैद्यकाचा विश्वास बसायलाच वेळ लागला. रुग्ण ‘पीत नाही’ म्हणाला तरी डॉक्टर मनात शंका धरत. १९८० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग यांनी २० रुग्णांच्या बायोप्सीचा लेख छापला. सूज, चरबी, व्रण सगळं दारूच्या आजारासारखं, पण दारूचा इतिहास नाही. बहुतेक जण स्थूल, अनेकांना मधुमेह किंवा पित्ताचे खडे. लेखाच्या शीर्षकातच त्यांनी या आजाराला ‘आजवर नाव नसलेला’ म्हटलं आणि ‘नॉनअल्कोहोलिक स्टिअॅटोहेपॅटायटिस’ हे नाव दिलं. तेच पुढे ‘नॅश’ म्हणून रुळलं.

कॅन्सरचा धागा त्यानंतर बराच उशिरा हाती लागला. हिपॅटायटिस बी नाही, सी नाही, दारू नाही, तरी सिरॉसिस. अशा रुग्णांच्या फाइलवर ‘क्रिप्टोजेनिक’, म्हणजे कारण सापडलं नाही, असा शेरा पडत असे. १९९० च्या दशकाअखेरीस लक्षात आलं की यातल्या बऱ्याच जणांना मधुमेह आणि लठ्ठपणा आहे. यकृत पूर्ण कडक झालं की चरबी अनेकदा ओसरते, त्यामुळे गुन्हेगार जागेवर सापडतच नव्हता. या ‘कारण नसलेल्या’ सिरॉसिसमध्ये कॅन्सर होतो हे माहीत होतंच; त्यातला मोठा वाटा चरबीचा आहे, हे आता उमगलं.

जनुकाचा शोध लागला तो भलत्याच वाटेवर. टेक्सासमधल्या डॅलस हार्ट स्टडीचा विषय हृदयविकार होता. त्यात लोकांच्या यकृतातली चरबीही मोजली गेली, आणि तीही सुई न टोचता, चुंबकीय तंत्राने. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे कोड्यात टाकणारे होते: हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी मुळाच्या) लोकांत ४५ टक्के, गोऱ्यांत ३३ आणि कृष्णवर्णीयांत २४ टक्के जणांना फॅटी लिव्हर. लठ्ठपणा आणि मधुमेह कृष्णवर्णीयांतही भरपूर. मग त्यांची यकृतं तुलनेने स्वच्छ कशी?

डॅलसच्याच हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांच्या प्रयोगशाळेने उत्तर जनुकांत शोधलं. प्रथिनाची घडण बदलणारे ९ हजारांहून अधिक जनुकीय फरक त्यांनी चाळले. २००८ मध्ये स्टेफानो रोमिओ प्रथम लेखक असलेला निबंध आला आणि चाळणीत उरलेलं नाव होतं पीएनपीएलए३. बाविसाव्या गुणसूत्रावरच्या या जनुकात डीएनएच्या अक्षरांपैकी एका ठिकाणी ‘सी’ च्या जागी ‘जी’ येतो. ‘एटीसी’ चं ‘एटीजी’ होतं. एवढ्याने प्रथिनातल्या १४८ व्या जागेवर आयसोल्यूसिन या अमिनो आम्लाऐवजी मेथिओनिन हे दुसरं बसतं. आई आणि वडील दोघांकडून हा ‘जी’ आलेल्यांच्या यकृतात दुपटीहून जास्त चरबी होती. हिस्पॅनिक लोकांत या प्रतीचं प्रमाण जवळपास निम्मं, गोऱ्यांत पावाच्या आसपास, कृष्णवर्णीयांत त्याहून कमी. आकड्यांची उतरंड फॅटी लिव्हरच्या उतरंडीशी जुळली. मला यातली लक्षणीय गोष्ट वेगळीच वाटते. या लोकांच्या यकृतात चरबी होती, पण त्या जनुकामुळे इन्सुलिनची ताकद घटलेली दिसत नव्हती. म्हणजे फॅटी लिव्हर हे दर वेळी मधुमेहाचं शेपूट असतं, हा समज तिथे ढिला झाला.

पण बिघडलं नेमकं काय, हे कळेना. सरळ तर्क असा की प्रथिन चरबी फोडण्याचं काम करतं, ते पांगळं झालं म्हणून चरबी साठली. म्हणून उंदरांतून हे जनुकच काढून टाकलं गेलं. उंदीर ठणठणीत! चरबी वाढलीच नाही. मग माणसातला तोच बदल उंदराच्या जनुकात घातला आणि त्याला साखरेचा आहार दिला, तेव्हा कुठे यकृत चरबीने भरलं. अर्थ असा निघाला की प्रथिनाचं नसणं त्रासाचं नाही, बिघडलेलं असणं त्रासाचं आहे. पेशी जुनी प्रथिनं खूण लावून मोडीत काढते. हे बिघडलेलं प्रथिन त्या मोडीतून निसटतं आणि चरबीच्या थेंबांवर ठाण मांडून बसतं. चरबी फोडणाऱ्या दुसऱ्या विकराचा मदतनीसही ते अडकवून ठेवतं. कामाला न येणारा आणि दुसऱ्यालाही करू न देणारा गडी.

चरबीपासून कॅन्सरपर्यंतची कडी २०१४ मध्ये ठळक झाली. त्याआधी स्वीडनमधल्या स्थूल लोकांच्या एका दीर्घ अभ्यासात इशारा मिळालाच होता. ब्रिटनमधल्या न्यूकॅसलच्या गटाने फॅटी लिव्हरमधून यकृताचा कॅन्सर झालेले १०० युरोपीय रुग्ण आणि कॅन्सर नसलेले फॅटी लिव्हरचे २७५ रुग्ण यांची तुलना केली. दोन्ही प्रती ‘जी’ असतील तर कॅन्सरची शक्यता सुमारे पाचपट. तीच तुलना ब्रिटनच्या सर्वसाधारण लोकांशी केली तर बारापट.

बातम्यांत हे ‘बारापट’ फार फिरलं आणि ते नीट वाचलं गेलं नाही. पट हा शब्द घाबरवतो, पण तो कशाची पट हे सांगत नाही. दहा हजारांत एकाला होणारी गोष्ट बारापट झाली तरी दहा हजारांत बाराच. २०२० मध्ये डेन्मार्क आणि ब्रिटनच्या लोकसंख्येवर पीएनपीएलए३ आणि आणखी दोन अशा तीन जनुकांवरून प्रत्येकाला धोक्याचे गुण दिले गेले, तेव्हा सर्वाधिक गुणांच्या लोकांत सर्वांत कमी गुणांच्या लोकांपेक्षा कॅन्सर २९ पटींपर्यंत गेला. पण त्या टोकाला माणसं अगदी मूठभर.

ती दुसरी दोन जनुकंही पाहण्यासारखी आहेत. टीएम६एसएफ२ मधला बदल २०१४ मध्ये सापडला. त्यात यकृत आपली चरबी रक्तात नीट सोडत नाही. यकृत भरतं, रक्तातलं कोलेस्टेरॉल मात्र कमी राहतं आणि हृदयाला फायदा होतो. एका अवयवाचं कर्ज दुसऱ्याच्या खात्यावर. २०१८ मध्ये आलेलं एचएसडी१७बी१३ तर उलट्या बाजूचं: त्यातला एक बदल यकृताचं रक्षण करतो.

आता आपल्याकडे येऊ. दक्षिण आशियाई लोकांत पीएनपीएलए३ च्या ‘जी’ प्रतीचं प्रमाण साधारण पाव आहे, म्हणजे युरोपीय लोकांच्या जवळपासच. एकट्या या जनुकावर भारतातल्या फॅटी लिव्हरचं खापर फोडता येत नाही. २०१७ च्या एका अभ्यासात दिसलं की वजन वाढतं तसा या जनुकांचा परिणाम फुगत जातो. सडपातळ माणसांत फरक किरकोळ राहतो. ऐकायला दिलासा वाटतो. पण आपल्याकडे सडपातळ कुणाला म्हणायचं? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. जनुकाला लागणारी चरबी अशी काट्याला न दिसता बसलेली असू शकते. पश्चिम बंगालमधल्या ग्रामीण पाहणीतही फॅटी लिव्हरचे बरेच जण लठ्ठ नव्हतेच. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने फॅटी लिव्हरला मधुमेह, कॅन्सर, हृदयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जोडलं. २०२३ मध्ये जगभर आजाराचं नावही बदललं, ‘फॅटी’ आणि ‘अल्कोहोलिक’ हे टोचणारे शब्द गेले. आपल्या रिपोर्टांवर जुनंच नाव छापलं जातं, ते सोडा.

उपचाराच्या दृष्टीने उंदरांच्या त्या कोड्याचा आता उपयोग होतो आहे. प्रथिन नसलं तरी चालतं, मग ते तयारच होऊ द्यायचं नाही. पेशीतला त्याचा निरोप मध्येच फाडणारी इंजेक्शनं दोन्ही ‘जी’ असलेल्या रुग्णांत सुरुवातीच्या चाचण्यांत आहेत.

दवाखान्यात मात्र अजून जुनीच रीत आहे. सिरॉसिस झाला की दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, सोबत एएफपी ही रक्ततपासणी. अडचण अशी की फॅटी लिव्हरमध्ये काही कॅन्सर सिरॉसिसची वाट न पाहताच येतात, आणि फॅटी लिव्हर असलेल्या प्रत्येकाला सहामाही रांगेत उभं करणं कुठल्याच देशाला झेपणारं नाही. रांग कुणाची लावायची हे ठरवायला जनुकांचे गुण वापरावेत, असं २०२१ मध्ये इटली-स्वीडनच्या गटाने लाखो लोकांच्या नोंदींवरून सुचवलं. सरसकट जनुक चाचणीची शिफारस मात्र झालेली नाही. तोवर डॉक्टरच्या टेबलावर कामाला येतात ते वय, मधुमेह, रक्तातल्या प्लेटलेट आणि यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनचा आकडा.