‘थोडक्यात हुकलं’ नावाची बनावट

जुगाराच्या स्लॉट मशीनवर तीन चाकं फिरताना दिसतात, पण निकाल ती चाकं ठरवत नाहीत. बटण दाबताक्षणी आतली चिप यादृच्छिक संख्या उचलते आणि डाव तिथेच संपतो. पुढचं फिरणं निव्वळ देखावा. इंगे टेलनेस यांच्या १९८४ च्या पेटंटचा गाभा हाच. समजा, चाकावर २२ थांबे दिसतात आणि त्यात मोठ्या बक्षिसाचं चिन्ह एकच आहे. तिन्ही चाकांवर ते जुळण्याची शक्यता १०,६४८ मध्ये एक, असा बघणाऱ्याचा अंदाज. चिपच्या हिशेबात मात्र प्रत्येक चाकाला ६४ थांबे असू शकतात आणि त्या चिन्हाच्या वाट्याला त्यातला एकच येतो. शक्यता उरते २,६२,१४४ मध्ये एक. बाकीच्यांतले बरेच आकडे चिन्हाच्या लगतच्या रिकाम्या घरांना जोडून दिले, की ते सारखं बक्षीस ठरवणाऱ्या रेषेच्या जरा वर नाहीतर जरा खाली येऊन थांबतं. खेळणारा हळहळतो आणि पुन्हा बटण दाबतो. असा हुकलेला डाव मेंदूतले जिंकण्याशी निगडित भाग चेतवतो, हे मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं आहे.

दुसरी क्लृप्ती मला याहून खटकते. एकाच डावात अशा २० रेषांवर एकेक नाणं लावलं, ८ परत आली. बुडाली १२, तरी दिवे लुकलुकतात आणि जिंकल्याची धून वाजते!

‘९२ टक्के परतावा’ वाचून वाटतं, शंभरातली ९२ नाणी तरी घरी येतील. पण ही टक्केवारी लावलेल्या प्रत्येक नाण्यावर असते, खिशातून आणलेल्या रकमेवर नव्हे. परत आलेली नाणी पुन्हा लागतात, पुन्हा ८ टक्के कापली जातात. तासाला ६०० डाव, दर डावाला एक नाणं, तर सरासरी ४८ नाणी गेली. रुलेटच्या ३७ घरांच्या चाकावर कॅसिनोचा वाटा २.७ टक्के, शिवाय चाक थांबायला आणि पैसे वाटायला वेळ लागतो. मशीन वेगावर कमावतं.

‘ज्याने त्याने आवर घालावा’ हे या उद्योगाचं ठरलेलं उत्तर. पण पार्किन्सन या कंपवाताच्या आजारासाठी मेंदूतल्या डोपामाइन या रसायनासारखं काम करणारी औषधं सुरू झाल्यावर, कधी पत्तेही न पिसलेली काही माणसं जुगाराच्या नादी लागली आणि औषध कमी केल्यावर त्यातल्या अनेकांचा नाद सुटला. २०१३ मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीने जुगाराचं वेड दारू आणि मादक पदार्थांच्या व्यसनांशेजारी आणून ठेवलं. ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाचा २०१० चा अंदाज असा, की अशा मशीनवरच्या खर्चातला सुमारे ४० टक्के वाटा जुगाराची समस्या असलेल्यांचा असतो. म्हणजे हे गिऱ्हाईक बरं झालं तर धंद्यालाच खिंडार पडेल.

म्हणून दुरुस्ती मशीनमध्येच हवी. ब्रिटनने २०१९ मध्ये बेटिंगच्या दुकानांतल्या मशीनवरची एका डावाची कमाल रक्कम १०० पाउंडांवरून २ वर आणली. नॉर्वेने २००७ मध्ये जुनी मशीन उचललीच; नंतर आलेल्या नव्या मशीनना वैयक्तिक कार्ड लागतं, त्यावर तोट्याची मर्यादा असते आणि ती संपली की मशीन डावच घेत नाही.