मुलाच्या हेळसांडीची खोटी तक्रार : उलट कारवाईचा अर्ज कोणी, कुठे आणि कधी करायचा?

समजा, नवरा-बायको वेगळे राहतात. सात वर्षांचा मुलगा आईजवळ आहे आणि ताब्याचा दावा कौटुंबिक न्यायालयात चालू आहे. एका संध्याकाळी १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाईनवर फोन जातो, की आई मुलाला कोंडून कामावर जाते, पोटभर जेवायला घालत नाही. दुसऱ्या दिवशी जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या ताई दारात उभ्या. मुलगा कुठे झोपतो, शाळेतून कोण आणतं हे विचारतात, लसीकरणाचं कार्ड मागतात, दप्तर उघडून वह्या चाळतात. मुलगा पडद्याआडून बघत असतो.

ताई गेल्या की आई पहिला फोन वकिलाला करते : खोटी तक्रार करणाऱ्यावर केस कशी करायची? केस करता येते. मात्र पायऱ्या मागेपुढे झाल्या तर खरा माणूसही हात हलवत परत येतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी चौकशी पूर्ण होऊ द्या

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार, मुलाला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक त्रास होईल अशी हेतुपुरस्सर हेळसांड करणं हा गुन्हा आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे आलेल्या माणसाला दारातून परत पाठवू नका. घर दाखवा, कागद दाखवा.

मुलाला बाल कल्याण समितीपुढे (काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत आदेश देणारी समिती) हजर केलं गेलं, तर सामाजिक तपासणी १५ दिवसांत आणि अंतिम आदेश पहिल्या हजेरीपासून ४ महिन्यांच्या आत व्हावा, असं कायदा सांगतो. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. आदेश विरोधात गेला तर ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं. बाजूने लागला तर त्याच आठवड्यात प्रमाणित नकलेसाठी अर्ज टाका, कारण पुढची सगळी इमारत त्या कागदावर उभी राहते.

नक्कल हातात आली की शब्द नीट वाचा. ‘तक्रारीत तथ्य आढळले नाही’ एवढंच लिहिलं असेल, तर तक्रार सिद्ध झाली नाही, इतकाच त्याचा अर्थ. शिक्षा होते ती खोटं आहे हे ठाऊक असताना केलेल्या तक्रारीला. शेजारणीने रात्री मुलाचं रडणं ऐकून काळजीपोटी फोन केला आणि चौकशीत काही निघालं नाही, तर ती गुन्हेगार नाही. हा फरक राहायलाच हवा, नाहीतर खरोखर उपाशी असलेल्या मुलासाठी कोणी फोन उचलणार नाही. म्हणून चौकशी चालू असतानाच समितीला लेखी द्या : ताब्याचा दावा कधीपासून चालू आहे, आधी अशा किती तक्रारी झाल्या, आणि तक्रारदाराला खरी परिस्थिती कशी माहीत होती. आदेशात याची नोंद आली तर हेतू दाखवायला आधार मिळतो.

कोणती कलमं लागू होतात

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे; खालची कलमं २१७, २४८ आणि २२९ तिचीच. त्याआधीच्या तक्रारीला जुन्या दंड संहितेची कलमं १८२ आणि २११ लागतात.

कलम २१७ : लोकसेवकाने आपला अधिकार वापरून दुसऱ्याला त्रास द्यावा, या हेतूने जाणूनबुजून खोटी माहिती देणं. शिक्षा १ वर्षापर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यात तुम्ही स्वतः थेट कोर्टात जाऊ शकत नाही. ज्या अधिकाऱ्याला खोटी माहिती दिली गेली, त्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने न्यायालयात लेखी तक्रार करावी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्याच्या) कलम २१५ ची ही अट आहे आणि कितीतरी प्रकरणं इथेच अडकतात. म्हणून तुमचा अर्ज त्या अधिकाऱ्याच्या नावे द्या आणि पोचपावती घ्या. उत्तर आलं नाही, तर वरिष्ठांकडे पुन्हा लेखी जा.

कलम २४८ : कायदेशीर आधार नाही हे माहीत असून, नुकसान करण्याच्या हेतूने गुन्ह्याचा खोटा आरोप करणं. शिक्षा ५ वर्षांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रकरण पोलिसांपुरतंच राहिलं असेल, तर तुम्ही स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे फिर्याद देऊ शकता. न्यायालयात पोचलं असेल, तर फिर्याद त्या न्यायालयाकडूनच यावी लागते.

तिसरी वाट माझ्या मते सगळ्यांत भक्कम आहे. १०९८ वर फोन कोणी केला हे तुम्हाला सांगितलं जात नाही, आणि ते योग्यच आहे. पण ताब्याच्या भांडणात तोच आरोप पुढे प्रतिज्ञापत्रात येतो, सहीनिशी. शपथेवर खोटं सांगणं हा कलम २२९ चा गुन्हा आहे. न्यायालयीन कामात ७ वर्षांपर्यंत कैद आणि १० हजारांपर्यंत दंड. त्यासाठी त्याच कौटुंबिक न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली अर्ज करायचा. अर्जात राग नको, दोन रकाने हवेत. डावीकडे त्यांचं वाक्य, परिच्छेद क्रमांकासह : ‘जून ते ऑगस्ट मुलगा शाळेत गेलाच नाही.’ उजवीकडे शाळेचा हजेरीपट : त्याच काळात ५२ दिवस हजर. अशी तीन वाक्यं पुरतात. फिर्याद करणं न्यायाच्या हिताचं आहे, असं न्यायालयाला वाटावं लागतं. हा अर्ज अनेकदा मूळ दाव्याच्या निकालापर्यंत बाजूला ठेवला जातो. फेटाळला तर कलम ३८० खाली अपील आहे.

आरोप लैंगिक अत्याचाराचा असेल तर पोक्सोचं, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम २२ बघावं लागतं. केवळ बदनामी, धमकी, अपमान किंवा खंडणीसाठी केलेल्या खोट्या तक्रारीला ६ महिन्यांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. मुलाच्या तोंडून खोटं वदवलं गेलं असेल, तरी मुलाला शिक्षा होत नाही.

कागदपत्रं

समितीच्या आदेशाची आणि मिळाल्यास सामाजिक तपासणी अहवालाची प्रमाणित नक्कल, पोलिसांकडचा जबाब किंवा अंतिम अहवाल, शाळेचं बोनाफाईड, हजेरी, प्रगतिपुस्तक, फीच्या पावत्या, माता-बाल संरक्षण कार्ड, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, मूल लहान असेल तर अंगणवाडीतली वजनाची नोंद, आणि दाव्यातल्या सगळ्या अर्जांच्या नकला.

‘मूल दिलं नाहीस तर तक्रार करीन’ असा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज असेल, तर तो हेतूचा सर्वांत मोठा पुरावा. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, भाग ‘अ’ तुमचा आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाचा. मूळ मोबाईल विकू नका, रीसेट करू नका.

आणि ही कागदपत्रं नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. चौकशीतल्या मुलाची ओळख प्रसारमाध्यमातून किंवा अन्य मार्गाने उघड करणं हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ चा गुन्हा आहे : ६ महिन्यांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दिवाणी परिणाम

खोट्या तक्रारी करणं ही मानसिक क्रूरता ठरू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने के. श्रीनिवास राव विरुद्ध डी. ए. दीपा या २०१३ च्या निकालात म्हटलं आहे. घटस्फोटाच्या दाव्यात याचा उपयोग होतो. ताब्याचं तसं नाही. तिथे मुलाचं हित सर्वांत वर, त्यामुळे समोरचा खोटं बोलला म्हणून ताबा आपोआप तुमच्याकडे येत नाही.

मुदत

कलम २१७ साठी मुदत १ वर्षाची. ‘आधी ताब्याचा निकाल लागू दे, मग बघू’ म्हणणाऱ्यांची मुदत कोर्टाच्या तारखांमध्येच निघून जाते. समितीच्या चौकशीत ४ महिने गेले तर हातात जेमतेम ८ उरतात, आणि अधिकाऱ्याची तक्रार तेवढ्यात न्यायालयात दाखल व्हायला हवी. कलम २४८ आणि २२९ ला अशी मुदत नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेल्पलाईन १५१००.