अथणीला गेलेले कागद: सक्तीच्या नोंदींची पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या सभेचं इतिवृत्त आमच्या संगणकात तीन वर्षं त्याच जिल्ह्यातल्या अथणी तालुक्याच्या नावावर होतं. ते एकटंच नव्हे, शहापूरच्या भाडेपावत्या, निपाणीच्या तंबाखू अडत्यांची पत्रं, बेळगाव कॅम्पातल्या एका घराचं खरेदीखत, सगळी मंडळी अथणीला जाऊन बसली होती. कारण अगदी साधं. जुने कागद सांभाळायला आम्ही जी प्रणाली घेतली होती, तिच्यात फाइल चढवताना तालुका भरल्याशिवाय पुढे जाता येत नसे, आणि तालुक्यांच्या यादीत पहिलं नाव अथणीचं. स्कॅनरवरच्या पोराला दिवसाला चारशे पानं उरकायची होती. यादी उघड, पहिलं नाव दाब, पुढे सरक. चौदा खाने होते आणि चौदांवर लाल चांदणी, म्हणजे भरलंच पाहिजे. त्याने एकदा विचारलंही होतं, "सर, कागदावर तारीखच नाही, काय घालू?" मीच म्हणालो होतो, "घाल की कायतरी." मग काय, १ जानेवारी १९०० या एका दिवशी सीमाभागात जेवढा पत्रव्यवहार झाला, तेवढा पुढच्या शंभर वर्षांत झाला नसेल.

ती फजिती निस्तरताना मागे वळून बघायची वेळ आली. कागद आत घेतानाच त्याच्याबद्दलची माहिती, म्हणजे हल्ली ज्याला मेटाडेटा म्हणतात ती, सक्तीने मागायची ही रीत संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. आणि तिचे चटके आमच्या या पट्ट्याने इतरांपेक्षा जरा जास्तच सोसले आहेत.

जुना शब्द आहे बारनिशी. इकडच्या मराठी संस्थांत आलेल्या पत्रांच्या रजिस्टरला अजूनही आवक बारनिशी म्हणतात. शिवकाळातल्या आणि पेशवाईतल्या सरकारी पत्रांच्या शेवटी ‘सुरू सूद’, ‘बार सूद’ असे शेरे दिसतात. दफ्तरात नोंद झाली, असा त्यांचा अर्थ. मजकूर संपला तिथे ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब उठवायचं, म्हणजे खाली कोणी ओळ घुसडायला नको. हे कागद विषयवार कापडात बांधले जात. त्या गाठोड्यांना रुमाल म्हणतात. सरकारी दफ्तरात शिस्त कडक होती. पण घरगुती आणि घाईच्या पत्रांत नुसतं ‘छ ७ रजब’ एवढं लिहून मंडळी मोकळी होत. चंद्रतिथी आहे, महिना आहे, सालाचा पत्ता नाही. लिहिणाऱ्याला साल माहीत होतं, वाचणाऱ्यालाही माहीत होतं. दीडशे वर्षांनी तिसराच कोणी ते पत्र उघडेल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. साल लिहिलेलं असलंच तर बहुधा सुहूर सनाचं, म्हणजे तेव्हाच्या दफ्तरी कालगणनेचं, तेही अरबी संख्याशब्दांत. त्यात महिना बघून ५९९ किंवा ६०० मिळवायचे तेव्हा इसवी सन हाती लागतो. गोविंद सखाराम सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ भागांत छापले, तेव्हा मोडी वाचण्याइतकंच कष्टाचं काम होतं ते कुठलं पत्र कुठल्या सालचं हे ठरवण्याचं. लिहिणाऱ्याने दोन शब्द वाचवले, त्याचा हिशोब असा दोन शतकांनी चुकता होतो.

त्या दफ्तरात निदान अपुऱ्या कागदाला बाहेर काढत नव्हते. अपुरा कागद म्हणजे बुडालेला हक्क, हा धडा इंग्रजांनी दिला. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला पडला, १८३६ मध्ये धारवाडपासून वेगळा होऊन बेळगाव जिल्हा झाला, आणि १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशन बसलं. त्याच्या चौकशीचा पहिला जोर दक्षिण मराठा मुलखात, म्हणजे आमच्याच भागात होता. जमीन इनाम म्हणून खाता, तर सनद दाखवा. कोणी दिली, कधी दिली, देण्याचा अधिकार त्याला होता का, शिक्का कुठे आहे. सनद वाळवीने खाल्ली असेल तर कब्जा किती पिढ्यांचा, याची छाननी. ज्याला उत्तरं जुळवता आली नाहीत त्याच्या जमिनीवर सारा बसला. एखादा खाना रिकामा राहिला म्हणून माणसाची जमीन जाणं, सक्तीच्या नोंदीचं याहून करडं रूप मला तरी माहीत नाही. नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे यांनी १८५८ च्या मे महिन्यात उठाव केला, त्यात पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला. दत्तकाची परवानगी नाकारली हा मुख्य राग. पण हाच मॅन्सन पूर्वी इनाम कमिशनात काम करत होता, हेही लोक विसरले नव्हते. बाबासाहेबांना त्याच जूनमध्ये बेळगावात फाशी दिलं.

मोजणी खात्याने मात्र एक गोष्ट शहाणपणाची केली. गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्यातल्या मोजणीची पद्धत पक्की केली, आणि प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला. मालक मेला, नाव बदललं, कुळ आलं-गेलं तरी सर्व्हे नंबर तोच. त्या नंबराच्या नोंदीच्या नकलेला सीमेच्या दोन्ही बाजूंचे शेतकरी आजही ‘उतारा’ म्हणतात. उत्तर कर्नाटकातल्या कन्नडमध्येही हाच शब्द रुळला आहे.

नावांचं तसं नाही. आमच्या प्रणालीतल्या चौदांपैकी दोन खाने होते ‘राज्य’ आणि ‘जिल्हा’. बनवणाऱ्याला वाटलं असेल, याहून सोपं काय असणार! आता एकाच घराची कागदपत्रं बघा. १९३५ चा कागद मुंबई इलाख्यातला. १९५० चा मुंबई राज्यातला. १ नोव्हेंबर १९५६ नंतरचा म्हैसूर राज्यातला. १ नोव्हेंबर १९७३ नंतरचा कर्नाटकातला. आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नावच बेळगावी. (१ नोव्हेंबर ही तारीख आमच्याकडे कोणालाच नुसती तारीख वाटत नाही, ते असो.) शहापूरची गोष्ट आणखी मजेची. शहापूर आज बेळगावचीच पेठ, चालत जाता येते. पण १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत ते सांगली संस्थानात होतं. १९३० सालच्या शहापूरच्या पावतीवर जिल्हा कोणता भरायचा? बेळगाव भरलं तर खोटं, आणि सांगली भरलं तर शोधणारा फसणार. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल असो वा महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेलेला दावा असो, ज्या प्रश्नावर अजून शेवटचा शब्द पडलेला नाही तो आम्ही स्कॅनरवरच्या पोराला एका टिचकीत सोडवायला लावत होतो.

संगणकाच्या बाजूने हीच गोष्ट कशी घडत गेली तेही बघण्यासारखं आहे. १९७० मध्ये आयबीएमच्या एडगर कॉडने माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवण्याची कल्पना मांडली. त्यातून पुढे अशा तक्त्यांशी बोलायची भाषा, एसक्यूएल, आली आणि तिच्यात ‘नॉट नल’ ही अट: हा खाना रिकामा असेल तर ओळ घेऊच नको. लाल चांदणीचं मूळ ते. पण या अटीला रिकामं तेवढं कळतं, खरं-खोटं कळत नाही. टिंब टाकलं तरी ती खूश.

कागदपत्रांच्या प्रणाली, म्हणजे १९८२ चं फाइलनेट, १९९० चं डॉक्युमेंटम, मोठ्या कंपन्यांसाठी होत्या. तिथे फाइल चढवणारी माणसं त्याच कामाला नेमलेली, म्हणून सक्ती खपून गेली. सरकारी अभिलेखांत तर ती हवीच होती. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९९७ मध्ये ५०१५.२ हे मानक काढलं, त्यात कागद अभिलेख म्हणून दाखल करताना काय काय भरलंच पाहिजे ते ठरवून दिलं. ग्रंथपालांच्या जगात मात्र उलटा वारा होता. १९९५ च्या मार्चमध्ये अमेरिकेत ओहायोतल्या डब्लिन गावी जमलेल्या मंडळींनी जी यादी काढायला घेतली, ती पुढे पंधरा खान्यांची झाली आणि डब्लिन कोअर म्हणून जगभर गेली. त्या पंधरांतला एकही खाना सक्तीचा नाही. वेबवर लिहिणाऱ्या सामान्य माणसाने आपल्या पानाची माहिती आपणच भरावी, ही अपेक्षा होती. त्याला दारात अडवलं तर तो येणारच नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

मग खिडकीतून फाइल ओढून टाकायची सोय आली आणि गोंधळ वाढला. वेबडॅव्ह या १९९९ च्या नियमावलीत फाइल पाठवण्याची आज्ञा वेगळी आणि तिचे गुणधर्म लिहिण्याची वेगळी. आधी कागद येतो, माहिती मागून. पहिल्याच पावलाला सर्व्हर अडून बसला तर दुसरं पाऊल पडणारच नाही. म्हणून प्रत्येक प्रणालीला ठरवावं लागलं, की अपुरा कागद दाराबाहेर ठेवायचा की आत घेऊन त्याच्यावर खूण करायची.

मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंट या प्रणालीने २००७ च्या आवृत्तीपासून कागदाचे प्रकार पाडून प्रकारागणिक सक्तीचे खाने ठरवायची सोय दिली. एकदम पन्नास फाइली ओढून टाकल्या की त्या आत जात, पण खाने भरेपर्यंत चढवणाऱ्याच्याच नावावर अडकून राहत. बाकी कोणाला दिसत नसत. "मी कालच टाकलंय" आणि "इथं काहीच नाही" ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असलेली भांडणं कित्येक कार्यालयांनी अनुभवली असतील. पुढे ऑनलाइन आवृत्तीत धोरण सैल झालं. फाइल सगळ्यांना दिसते, ‘माहिती हवी’ अशी पाटी तिच्या गळ्यात असते. मात्र तीच लायब्ररी सक्तीच्या खान्यांसकट आपल्या संगणकावर सिंक केली, तर फाइली नुसत्या वाचता येतात, बदलता येत नाहीत. २००५ मध्ये सुरू झालेल्या अल्फ्रेस्को या तशाच प्रणालीने दोन्ही वाटा उघड्या ठेवल्या. खाना सक्तीचा करताना सक्ती ‘लागू’ आहे की नाही हे वेगळं सांगायचं. लागू असेल तर कागद परत. लागू नसेल तर कागद आत, आणि त्याच्यावर ‘अपूर्ण’ असा शिक्का. मला ही सोय फार आवडते. आपल्या बारनिशीतल्या कारकुनानेही हेच केलं असतं: पत्र घेतलं असतं आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘सहपत्र नाही’ असं लिहिलं असतं.

आपल्याकडे २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातही हा विषय आहे. कलम ४ मध्ये सार्वजनिक प्राधिकरणाने अभिलेख सूचीबद्ध करून ठेवावेत असं म्हटलंय. चढवणाऱ्याला कुठे अडवावं, याबद्दल एक अक्षर नाही. त्याआधीच कर्नाटकात ‘भूमी’ प्रकल्प झाला होता. सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या दोन कोटी नोंदी संगणकात गेल्या, आणि तालुक्याचं काम सुरू झालं की हाताने लिहिलेला उतारा बाद. उतारा कन्नडमध्ये. तो आमच्याकडे आला की गावाचं नाव देवनागरीत उतरवायचं आमचं काम. येळ्ळूर, यळ्ळूर, येळूर. चिकोडी, चिक्कोडी. निपाणी, निप्पाणी. खाना प्रत्येक वेळी भरलेला, तरी शोधात निम्मे कागद हाती लागत नाहीत.

लिपीने आणखी भर घातली. जुन्या टंकांत टाइप केलेली शीर्षकं युनिकोडमध्ये आणली की किडे-मुंग्या दिसतात. युनिकोडमध्येही ‘दऱ्या’तला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो, डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. मोडी तर युनिकोडमध्ये आली २०१४ मध्ये, त्याच साली जेव्हा बेळगावचं बेळगावी झालं.

आता आमच्याकडे सक्तीचे खाने चार आहेत: कागद कोणाकडून आला, साधारण काळ, गाव, आणि भाषा-लिपी. चढवणाऱ्याचं नाव आणि चढवल्याची वेळ प्रणाली स्वतः टिपते. जे यंत्राला आपोआप कळतं ते माणसाला कशाला विचारायचं! काळाच्या खान्यात ‘१९५६ च्या आधी’ एवढंही चालतं. गावाला जनगणनेचा क्रमांक, आणि त्या क्रमांकाखाली त्याची सगळी नावं नि सगळ्या स्पेलिंगा. राज्य-जिल्हा त्या-त्या काळाप्रमाणे मागाहून जोडता येतात. यादीत पहिली ओळ ‘निवडलेलं नाही’ अशी आहे आणि ती दाबून पुढे जाता येत नाही. शेवटची ओळ ‘कळत नाही’, ती दाबता येते. ‘कळत नाही’ म्हटलेले कागद शनिवारी मामांपुढे जातात. मामा निवृत्त शिरस्तेदार, मोडी वाचतात, आणि संगणकाला हात लावत नाहीत.

अथणीच्या यादीतले कागद एकेक करून आपापल्या गावी पाठवायला आम्हाला आठ महिने लागले. शेवटी खरोखरचे अथणीचे अकरा निघाले. त्यांतल्या दोघांच्या पाकिटांवर मामांनी पेन्सिलीने ‘पाहणे’ असा शेरा मारून ठेवलाय.