वेकबोर्ड आणि वेकसर्फ: बोटीला ५.७ लिटरचं इंजिन पुरे की ६.२ लिटरचं?

वेकबोर्डिंग आणि वेकसर्फिंग दोन्ही करता येईल अशी बोट घ्यायचा विचार किनाऱ्यावरचे जलक्रीडावाले करू लागले, की पहिला प्रश्न इंजिनाचा येतो. त्यासोबत एक समजही येतो: वेकसर्फिंगला बोट हळू चालवायची असते, म्हणजे त्याला लहान इंजिन चालेल, आणि मोठं लागेल ते वेगाच्या वेकबोर्डिंगला. प्रत्यक्षात गणित बरोबर उलटं आहे. ते समजून न घेता बोट घेतली तर काही लाखांचा फटका बसतो.

आधी दोन्ही खेळांतला फरक पाहू. वेकबोर्डिंगमध्ये पाय बोर्डावरच्या बुटांत घट्ट अडकवलेले असतात, हातात साधारण २० मीटरचा दोर असतो आणि बोट ताशी ३० ते ३८ किलोमीटरने पळते. बोटीमागे उठणाऱ्या लाटेचा चढ म्हणून उपयोग करून खेळाडू हवेत उडी घेतो. वेकसर्फिंगमध्ये पाय मोकळे असतात. आखूड दोराच्या आधाराने उभं राहायचं, लाटेने आपल्याला उचललं की दोर बोटीत टाकायचा, आणि मग बोटीपासून दोन-चार मीटरवर नुसत्या लाटेच्या जोरावर सरकत राहायचं. इथे बोटीचा वेग ताशी १६ ते १९ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ निम्मा.

वेग निम्मा असला तरी काम निम्मं होत नाही. ताशी ३०च्या पुढे बोट प्लेनवर येते. पाण्यात रुतलेला तिचा बराचसा भाग वर उचलला जातो आणि ती पृष्ठभागावरून धावू लागते. ताशी १८ला ती अधांतरी असते: धड तरंगत नाही, धड धावत नाही. नाक वर, मागचा भाग खोल बुडालेला, आणि समोरचं पाणी सतत ढकलत राहायचं. या अडनिड्या वेगाला पाण्याचा विरोध फार असतो. त्यात सर्फिंगची लाट उंच आणि लांब हवी म्हणून आपण मुद्दाम बोट आणखी बुडवतो. फोंडा घाटात भरलेला ट्रक पहिल्या गिअरवर चढतो तेव्हा काटा पंधरावर असला तरी इंजिन काय सोसत असतं, ते ड्रायव्हरला विचारा.

आता वजन मांडून पाहू. २२-२३ फुटी वेकबोट रिकामी साधारण २००० ते २२०० किलोची. सर्फिंगसाठी बॅलास्टच्या, म्हणजे बोट जड करून बुडवण्यासाठी पाणी भरायच्या, टाक्यांत १०००, कधी १५०० लिटर पाणी, म्हणजे तेवढेच किलो. दहा माणसं बसली तर ७०० किलो. वर पेट्रोल, जॅकेटं, बोर्ड, आइस बॉक्स. चार टन सहज होतात. वेकबोर्डिंगला बॅलास्ट कमी लागतो, नवशिक्यांसाठी तर टाक्या रिकाम्याही चालतात. म्हणजे तीच बोट एका खेळाला तीन टनांची आणि दुसऱ्याला चार टनांची होते. या एका टनाला जागं करायला टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळण्याचा जोर, लागतो. कमाल अश्वशक्तीचा आकडा जाहिरातीत मोठ्या टायपात असतो, पण तो मिळतो इंजिनाच्या मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या आसपास, आणि सर्फिंग करताना आपण तिथवर जातच नाही.

५.७ लिटरचं व्ही-८ हे जुनं, सगळ्या मेकॅनिकांच्या ओळखीचं इंजिन. ३२० ते ३५० अश्वशक्ती, टॉर्क ५०० न्यूटन-मीटरच्या आसपास. ६.२ लिटरवाली नवी इंजिनं ४३० ते ४५० अश्वशक्तीची, टॉर्क ६०० न्यूटन-मीटरच्या पुढे. यांच्या मधलं ६ लिटरचं सुमारे ४०० अश्वशक्तीचं इंजिनही जुन्या बोटींत खूप दिसतं. वेकबोर्डिंगपुरतं आणि पाच-सहा माणसांपुरतं बोलायचं तर ५.७ भरपूर झालं, त्यापुढचे पैसे वाया. पूर्ण बॅलास्ट आणि भरलेली बोट घेऊन ते सर्फिंगच्या वेगाला पोहोचेल जरूर, पण दम लागल्यासारखं. फेऱ्या साडेतीन हजारांच्या वर राहतील, आवाज वाढेल, आणि खेळाडू पडला की त्याला उचलून पुन्हा वेग घेताना प्रत्येक वेळी थ्रॉटल शेवटपर्यंत ढकलावा लागेल. ६.२ तेच काम कमी फेऱ्यांत करतं.

पेट्रोलबद्दल मात्र भलत्याच कल्पना आहेत. पेट्रोल इंजिन १०० अश्वशक्ती तासभर देतं तेव्हा ढोबळमानाने ३० लिटर पेट्रोल जाळतं, मग ते ५.७ असो नाहीतर ६.२. चार टनांची बोट ताशी १८ने ढकलायला लागणारी ताकद दोघांनाही तेवढीच. त्यामुळे सर्फिंगला ताशी २० ते ३० लिटरचा हिशेब दोन्हीकडे धरावा. लहान इंजिन घेतलं म्हणून पेट्रोल निम्मं जाईल, या आशेवर धंद्याचं गणित बांधू नये. फरक पडतो तो पेट्रोलच्या प्रतीत. ६.२ची थेट फवारणीवाली, जास्त कॉम्प्रेशनची इंजिनं चढ्या ऑक्टेनचं पेट्रोल मागतात. शिवाय पंपावर आता बहुतेक ठिकाणी ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं, आणि अमेरिकी मरीन इंजिनांच्या माहितीपुस्तिकेत सहसा १० टक्के इथेनॉलची मर्यादा लिहिलेली असते. इथेनॉल ओलावा ओढतं. पावसाळ्यात बोट वर काढून ठेवली आणि टाकीत पेट्रोल राहिलं, तर पाणी धरलेलं इथेनॉल तळाशी बसतं, आणि इंजिन ओढतं ते तळाचंच. कोणतंही इंजिन घ्या, विक्रेत्याकडून इथेनॉलची मर्यादा लेखी घ्या.

अमेरिकेतली मंडळी मोठ्या इंजिनाचा आग्रह धरतात, त्याला एक कारण त्यांच्या डोंगरातल्या तलावांची उंची हे आहे. दर १००० फुटांना साध्या, म्हणजे टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेल्या, इंजिनाची सुमारे ३ टक्के ताकद जाते. आपण खाडीत, समुद्रसपाटीवर. ती वजावट इथे नाही. तापोळ्याला कोयनेच्या शिवसागर जलाशयात बोट टाकणाऱ्याने सहाएक टक्के धरावेत, समुद्रकाठच्या देवबागच्या माणसाने नाही.

मोठं इंजिन घेण्याआधी प्रोपेलर पाहा. हे मी कळकळीने सांगतो, कारण लाखांचं काम कित्येकदा हजारांत होतं. टाक्या भरा, नेहमीची माणसं बसवा, मोकळ्या पाण्यात थ्रॉटल पूर्ण उघडा आणि फेऱ्यांचा काटा बघा. कंपनीने दिलेल्या कमाल फेऱ्यांपर्यंत तो पोहोचत नसेल, तर प्रोपेलरचा पिच, म्हणजे एका फेरीत तो बोटीला जेवढं पुढे ढकलू पाहतो ते अंतर, या भाराला जास्त आहे. पिच एक इंच उतरवला की साधारण १५० ते २०० फेऱ्या वाढतात. वरचा वेग थोडा जाईल, पण ताशी ६०ने पळायचंय कुणाला? ५.७ची बोट योग्य प्रोपेलरवर चुकीच्या प्रोपेलरच्या ६.२पेक्षा लवकर उठू शकते.

आपल्याकडे जलक्रीडेच्या बहुतेक बोटी आउटबोर्डच्या, म्हणजे मागच्या फळीवर बाहेर टांगलेल्या इंजिनाच्या. शंभर-दीडशे अश्वशक्तीच्या आउटबोर्डमागे वेकबोर्डिंग करता येतं. त्याच्या मागे वेकसर्फिंग मात्र कधीही, कुणाच्याही आग्रहाखातर करू नका. माणूस बोटीच्या मागे दोन मीटरवर असतो आणि आउटबोर्डचं पातं तिथेच फिरत असतं. सर्फिंगला पातं बोटीच्या पोटाखालीच हवं, म्हणजे इंजिन बोटीच्या आत असलेली व्ही-ड्राइव्हची इनबोर्ड बोट किंवा पात्याचं तोंड पुढे केलेलं ड्राइव्ह. इंजिन किती लिटरचं हा प्रश्न त्यानंतरचा. धुराचंही तसंच: हळू चालणाऱ्या बोटीच्या मागच्या फळीपाशी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो, तिथे पोरांना बसू देऊ नये.

या बोटी मुळात गोड्या तलावांसाठी बनतात. त्यांतल्या बऱ्याच इंजिनांत थंड ठेवण्यासाठी बाहेरचं पाणी थेट ब्लॉकमधून, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यातून, फिरतं. खाडीच्या खाऱ्या पाण्यात असं इंजिन आतून कुजतं, मग ते ६.२ असलं तरी काय उपयोग? इथे हीट एक्स्चेंजर असलेलं बंद कूलिंगच घ्यावं, म्हणजे ब्लॉकमध्ये कूलंट फिरतं आणि खारं पाणी एक्स्चेंजरपुरतं राहतं. त्यातही कर्लीच्या किंवा दाभोळच्या खाडीत ओहोटीला पाणी गढूळ होतं, आणि बारीक रेती कूलिंगचं पाणी ओढणाऱ्या पंपाच्या रबरी इंपेलरची, म्हणजे आतल्या फिरत्या चाकाची, पाती खाते. पंपाचं झाकण उघडून इंपेलर हातात घ्या. पाती एका बाजूला वाकून तशीच राहिली असतील, मुळाशी केसाएवढी भेग दिसली, तर बदला. तुटलेलं पातं एक्स्चेंजरच्या नळ्यांत जाऊन अडकतं. बोट परत आली की इंजिन आणि बॅलास्टचे पंप दोन्ही गोड्या पाण्याने धुवायचे. टाक्यांतलं खारं पाणी विसरलं जातं आणि आधी तेच पंप जातात. ५.७ आणि ६.२च्या किमतीतल्या फरकापेक्षा बंद कूलिंगवर खर्च करणं मला केव्हाही शहाणपणाचं वाटतं.

चांगल्या सर्फ-लाटेला तळाशी किमान तीन-साडेतीन मीटर पाणी लागतं, म्हणजे खाडीत भरतीच्या आसपासचे तासच कामाचे. मोठ्या इंजिनाने आणि जादा बॅलास्टने लाट वाढते, आणि ती काठावर जाऊन आदळतेच. काठावर तिवरं असतात, नांगरलेल्या होड्या असतात, गुडघाभर पाण्यात कालवं-तिसऱ्या काढणाऱ्या बायका असतात. काठापासून ६० मीटरचं अंतर हे किमान. सर्फिंगच्या लाटेला त्याच्या दुप्पट ठेवलं तरी कमीच. खाडी तेवढी रुंद नसेल तर तिथे वेकबोर्डिंगच करावं, आणि मग ५.७ पुरेसं आहे.

दोन्ही खेळ, आठ-दहा माणसं आणि रुंद खाडी असेल तर मी ६ लिटरपासून वर जाईन. वापरलेली बोट घेताना इंजिनाचे तास सगळे बघतात. ती गोड्या पाण्यातली होती की खाऱ्या, कूलिंग उघडं की बंद, हे आधी विचारा. विक्रेत्याला टाक्या भरूनच चाचणी द्यायला लावा. रिकाम्या बोटीत दोन्ही इंजिनं सारखीच झकास वाटतात.