एचएसआय म्हणजे आरक्षण नव्हे

अमेरिकेतल्या लॅटिनो, म्हणजे मुळच्या लॅटिन अमेरिकेतल्या घरांतल्या, मुलांच्या कॉलेजचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच 'आरक्षण' हा शब्द तोंडात येतो. तिथे राखीव जागा कधीच बंद झाल्या. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या सरकारी वैद्यकीय कॉलेजने १०० पैकी १६ जागा अल्पसंख्याकांसाठी राखल्या होत्या. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. अर्ज वाचताना इतर गोष्टींसोबत वंशही विचारात घ्यायची मुभा तेवढी उरली होती. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रवेशांविरुद्धच्या खटल्याच्या निकालात, जून २०२३ मध्ये, तीही गेली.

'हिस्पॅनिक-सर्व्हिंग इन्स्टिट्यूशन', म्हणजे एचएसआय, हे प्रकरणच निराळं. इथे विद्यार्थ्याचा अर्ज कुणी तपासत नाही, तपासतात ते कॉलेज. पदवीचे किमान २५ टक्के विद्यार्थी हिस्पॅनिक (लॅटिनोंसाठीचा सरकारी शब्द), गरजू मुलं बरीच आणि दर विद्यार्थ्यामागे खर्च बेताचा, असं असेल तर ते कॉलेज केंद्राच्या निधीच्या स्पर्धेत उतरू शकतं. पैसे मिळाले तर रसायनशास्त्राची जुनी प्रयोगशाळा सुधारते, संध्याकाळी गणिताची शिकवणी सुरू होते. त्या शिकवणीत घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली लॅटिनो मुलगी बसते आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर गोरा मुलगाही. दारात कुणी वंश विचारत नाही.

कॅलिफोर्नियाकडे बघा. सरकारी विद्यापीठांच्या प्रवेशात वंश बघायला तिथे १९९६ च्या प्रपोझिशन २०९ या, मतदारांनी मंजूर केलेल्या, कायद्यापासून बंदी आहे. तरीही देशात सर्वांत जास्त एचएसआय तिथेच आहेत. मर्सेड आणि रिव्हरसाइडची विद्यापीठं त्यातलीच. झुकतं माप नसताना लॅटिनो मुलं तिथवर पोचली आहेत.

म्हणून २०२५ मध्ये जे घडलं ते मला अन्यायाचं वाटतं. हार्वर्डविरुद्ध लढलेली संघटना आणि टेनेसी राज्य जूनमध्ये या २५ टक्क्यांच्या अटीविरुद्ध कोर्टात गेले. आपण या योजनेचा बचाव करणार नाही, असं केंद्राच्या न्याय खात्याने जुलैत कळवलं. सप्टेंबरमध्ये शिक्षण खात्याने एचएसआय आणि अल्पसंख्याकांच्या इतर संस्थांचा मिळून सुमारे ३५ कोटी डॉलरचा निधी थांबवला.

टेनेसीचं म्हणणं असं, की आमचं एकही सरकारी विद्यापीठ या अटीत बसत नाही, मग आमच्या गरीब मुलांनी काय करायचं? प्रश्न रास्त आहे, आणि त्या मुलांच्या कॉलेजांनाही निधी मिळायलाच हवा. पण मर्सेडची शिकवणी बंद केली म्हणून टेनेसीतल्या मेम्फिसमध्ये ती सुरू होत नाही.