केबल लॉगिंगमधील रेडिओ संकेतयंत्रणा

केबल लॉगिंगमधील रेडिओ संकेतयंत्रणा : तीव्र उतारावर तोडलेले ओंडके पोलादी दोरांनी ओढून रस्त्यालगतच्या मोकळ्या जागेत आणताना, उतारावरील कामगारांच्या सूचना दोर ओढणाऱ्या यंत्राच्या चालकापर्यंत पोहोचवणारी बिनतारी व्यवस्था. अमेरिकेतील ओरेगन व वॉशिंग्टन ही राज्ये, कॅनडाचा ब्रिटिश कोलंबिया प्रांत आणि न्यूझीलंड येथील डोंगराळ जंगलांत ही पद्धत रूढ आहे.

दोर ओढणाऱ्या यंत्राला यार्डर म्हणतात. त्याचा उंच पोलादी टॉवर चहूबाजूंनी ताणलेल्या दोरांनी उभा धरलेला असतो. मेनलाइन हा दोर ओंडके वर ओढतो, तर हॉलबॅक हा दोर रिकामे चोकर, म्हणजे ओंडक्याभोवती आवळायचे दोराचे फास, पुन्हा खाली नेतो. फास अडकवणारे कामगार यार्डरपासून कित्येकदा शेकडो मीटर दूर, एखाद्या घळीत असतात आणि चालकाला दिसत नाहीत. त्यामुळे तो डोळ्यांवर नव्हे, तर कानांवर विसंबून यंत्र चालवतो.

जॉन डॉल्बीर यांनी १८८० च्या दशकाच्या प्रारंभी कॅलिफोर्नियात वाफेवर चालणारे, दोराने ओंडके ओढणारे ‘डाँकी’ यंत्र प्रचारात आणले. अशा यंत्रांच्या काळात ‘व्हिसल पंक’ नावाचा कामगार, बहुधा एखादा पोरगा, लांब तार ओढून यंत्राची शिटी वाजवीत असे. पुढे तारेची जागा कमरेला लावायच्या रेडिओ प्रेषकाने घेतली. ‘टॉकी टूटर’ हे त्यातले जंगलात सर्वपरिचित झालेले नाव. प्रेषकाची कळ दाबली की यार्डरवरील भोंगा वाजतो आणि तो आवाज चालकाबरोबरच उतारावरच्या प्रत्येकाला ऐकू येतो. वॉशिंग्टन राज्यातील प्रचलित संकेतांत एक लघु नाद म्हणजे सर्व दोर थांबवा, दोन म्हणजे हॉलबॅक ओढा आणि तीन म्हणजे मेनलाइन ओढा. या संकेतावलीतच खरा धोका दडलेला आहे. दोनांतला एक नाद हरवला तर यंत्र निदान थांबते; तिनांतला एक हरवला तर मात्र भलताच दोर हलू लागतो. म्हणून पूर्ण बंद पडलेल्या संचापेक्षा अधूनमधून नाद गाळणारा संच अधिक घातक मानावा लागतो.

बिघाड शोधताना पहिला प्रश्न दोष प्रेषकात आहे की ग्राहकात, म्हणजे यार्डरवर संकेत टिपणाऱ्या रेडिओत, हा असतो. दुसऱ्या प्रेषकाने त्याच जागेवरून संकेत नीट गेला, तर पहिल्याची बॅटरी, आत शिरलेले पाणी किंवा वाकलेला अँटेना तपासतात. दोन्ही प्रेषक यार्डरजवळ चालतात पण दुरून चालत नाहीत, असे आढळल्यास संशय यार्डरवरील अँटेना, त्याची केबल व जोडण्या यांच्याकडे वळतो, कारण यंत्राच्या सततच्या हादऱ्यांनी जोडण्या सैल होतात आणि केबलला चिरा पडून तीत ओल मुरते. एकाच घळीतून संकेत तुटत असेल, तर अडसर बहुधा डोंगराच्या सोंडेचा असतो. अशा वेळी सुटे भाग बदलण्यात अर्थ नसतो, अँटेनाची जागाच बदलावी लागते. टॉवरचा पोलादी सांगाडा आणि ताणदोरही लहरी अडवू शकतात. इंजिन बंद असताना स्वच्छ येणारा संकेत ते सुरू होताच खरखरू लागला, तर दोष इंजिनाच्या विद्युत् यंत्रणेत शोधावा. रेडिओ निर्दोष असूनही भोंगा मुका राहण्याचे कारण अनेकदा साधे असते : हवेचा दाब कमी असणे, किंवा हिवाळ्यात नळीतली ओल गोठणे.

कोणीही कळ न दाबता भोंगा वाजणे हे सर्वांत गंभीर लक्षण होय. जवळच्या दुसऱ्या तोडीवर तीच वारंवारता व तोच सांकेतिक नाद (ग्राहकाला आपला प्रेषक ओळखू यावा म्हणून रेडिओ लहरींत मिसळलेला ध्वनी) वापरात असल्यास असे घडू शकते. वॉशिंग्टनच्या सुरक्षा नियमांनुसार संकेतांत व्यत्यय येऊ लागला, ते एकमेकांवर चढू लागले, क्षीण झाले किंवा पूर्ण लोपले, तर त्या उपकरणाचा वापर तत्काळ थांबवावा लागतो आणि बिघाडाचे मूळ सापडून तो दूर होईपर्यंत ते पुन्हा वापरता येत नाही.