अलॉय व्हीलची चकाकी कुठे जाते?

पॉलिश केलेलं ॲल्युमिनियमचं नवं चाक उन्हात डोळे दिपवतं. एक पावसाळा सरला की त्याच चाकावर पांढुरकी छटा येते, बारीक काळे ठिपके दिसू लागतात आणि गाडीचा मालक हाताला लागेल ते घेऊन घासायला बसतो. कपडे धुण्याची पावडर, तारेची घासणी, कधी चक्क टॉयलेट क्लीनर. मळ निघतो, पण त्याबरोबर चाकाचं संरक्षणही निघून जातं, आणि पुढच्या वेळी ते आणखी लवकर काळवंडतं.

ॲल्युमिनियम हा रासायनिकदृष्ट्या फार चपळ धातू आहे. उघडा पडताच तो हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि त्याच्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर चढतो. या थराची जाडी अवघी 2 ते 4 नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण वीस हजाराव्या हिश्शाएवढी. लोखंडाचा गंज पोपडे धरून सुटतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड मात्र धातूला घट्ट धरून राहतो आणि ऑक्सिजनला आत शिरू देत नाही. ओरखडा पडलाच, तर तिथे लगेच नवा थर तयार होतो.

हा थर पारदर्शक असतो. माणिक आणि नीलम ही रत्नंही मूळची ॲल्युमिनियम ऑक्साइडचीच. त्यामुळे ‘चाकावर ऑक्साइड चढला म्हणून चमक गेली’ हे आपण सर्रास ऐकतो, ते अर्धंच खरं आहे. नव्या कोऱ्या, लखलखत्या चाकावरही ऑक्साइड असतोच. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण 400 ते 700 नॅनोमीटर असते. पॉलिश केलेल्या पृष्ठभागावरचे उंचसखल भाग त्याहून बरेच लहान असले, की प्रकाश सरळ परावर्तित होतो आणि चाकात चेहरा दिसतो. खड्डे आणि ओरखडे मोठे झाले, किंवा पाण्याशी संयोग होऊन ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा जाड, सच्छिद्र थर साठला, की प्रकाश विखुरतो. चाकावर दिसणारा पांढुरकेपणा हा या विखुरलेल्या प्रकाशाचा असतो.

मग हे पातळ कवच तुटतं कशानं? पहिलं कारण पीएच, म्हणजे द्रावण किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे याचं माप; 7 म्हणजे उदासीन. ॲल्युमिनियम ऑक्साइड आम्लातही विरघळतो आणि अल्कलीतही. साधारण 4 ते 8.5 या पीएचच्या पट्ट्यात तो टिकतो, पट्ट्याबाहेर गेलं की विरघळू लागतो. कपडे धुण्याच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो आणि तिच्या द्रावणाचा पीएच 10 च्या आसपास जातो. कॉस्टिक सोड्याचं द्रावण त्याहून कितीतरी तीव्र. ते ॲल्युमिनियमवर पडलं की हायड्रोजनचे बुडबुडे सुटताना दिसतात, म्हणजे आता ऑक्साइड संपून खुद्द धातू विरघळू लागलेला असतो.

ज्या घरात ॲल्युमिनियमचा कुकर आहे, तिथे हे रसायन रोज घडतं. कुकरच्या तळाशी नुसतं पाणी घालून वरण-भात लावला की आतली बाजू काळपट पडते, आणि पाण्यात लिंबाची साल टाकली तर पडत नाही. कठीण पाणी उकळलं की त्यातले बायकार्बोनेट मोडून पाणी अल्कधर्मी होतं. लिंबाचं आम्ल ते होऊ देत नाही.

चाकाच्या बाबतीत यात आणखी एक भर पडते. बहुतेक ओतीव चाकं ए-356 सारख्या मिश्रधातूची असतात. त्यात सुमारे 7 टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम असतं. अल्कलीनं ॲल्युमिनियम विरघळतं, पण सिलिकॉनचे कण तिथेच राहतात आणि चाकावर करडा-काळा थर उरतो. तो मळ समजून लोक आणखी जोरानं पावडर घासतात. इथेच बहुतेक चाकांची वाट लागते.

दुसरं कारण क्लोराइड. समुद्राच्या मिठात ते असतं, तसंच टॉयलेट क्लीनरमधल्या हायड्रोक्लोरिक आम्लातही असतं. म्हणून टॉयलेट क्लीनर चाकासाठी सर्वांत वाईट, कारण त्यात आम्लही आहे आणि क्लोराइडही. क्लोराइडचे आयन ऑक्साइडच्या कमकुवत जागा हेरतात आणि तिथे सूक्ष्म खड्डा पडतो. खड्ड्यात विरघळलेलं ॲल्युमिनियम पाण्याशी अभिक्रिया करून आम्ल तयार करतं. त्या आम्लामुळे नवा ऑक्साइड धरत नाही, शिवाय आणखी क्लोराइड आत ओढलं जातं. एकदा सुरू झालेला खड्डा असा स्वतःच स्वतःला खोल करत जातो. बाहेरून टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसतो, आत मात्र त्याची व्याप्ती बरीच मोठी असू शकते.

कोकण, गोवा, मुंबईच्या गाड्यांना खारं वारं चुकत नाही. पण दापोली-गुहागरकडे जाऊन ओल्या वाळूत गाडी फिरवायची हौस असते, ती मात्र चाकांना थेट मिठाच्या पाण्यात बुडवते. गाडी किनाऱ्यावर नेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नेलीच, तर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं चाकाची बाहेरची बाजू, आतली बाजू आणि नटांच्या खाचा भरपूर धुवाव्यात. मीठ वाळलं तरी निरुपद्रवी होत नाही, रात्रीच्या दमट हवेतून ते पाणी शोषून घेतं.

तिसरी गोष्ट ब्रेकची धूळ. ब्रेक लागतो तेव्हा पॅड आणि बिडाची डिस्क दोन्ही झिजतात. त्या धुळीत लोखंड, कार्बन, रेझिन आणि पॅडमधले इतर धातू असतात. कण गरम असताना चाकावर चिकटतात, लोखंड गंजतं आणि ओलाव्यात लोखंड-ॲल्युमिनियमची छोटी छोटी विद्युत-रासायनिक घटं तयार होतात. अशा जोडीत झिजतं ते ॲल्युमिनियम. तारेच्या घासणीनं घासल्यावर लोखंडाचे बारीक तुकडे धातूत रुतून बसतात आणि हेच घडतं.

ही धूळ काढायला चांगलं रसायन उपलब्ध आहे. ‘आयर्न रिमूव्हर’ नावानं मिळणाऱ्या द्रवात सहसा थायोग्लायकोलेट असतं. ते लोखंडाला पकडून विरघळवतं आणि चाकावरून जांभळे ओघळ वाहू लागतात. वास उग्र येतो, केस काढायच्या क्रीममध्येही याच कुळातलं रसायन असतं. पीएच उदासीनच्या जवळ असलेला द्रव घ्यावा, मागच्या लेबलवर तसं लिहिलेलं असतं.

काही तीव्र व्हील क्लीनरमध्ये मात्र हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. ते चाक खातं, पण माझी खरी काळजी हातांची आहे. सौम्य द्रावण त्वचेवर पडलं तर सुरुवातीला फारसं दुखत नाही, तोवर फ्लोराइड आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. यातून जीवही जाऊ शकतो. वॉशिंग सेंटरवर उघड्या हातांनी चाकं धुणारा मुलगा लेबल वाचत नसेल, तर आपण वाचावं आणि असा क्लीनर आपल्या गाडीला लावू देऊ नये.

काहीही लावण्याआधी आपलं चाक नेमकं कोणतं, हे तपासावं. पांढऱ्या कपड्यावर थोडं मेटल पॉलिश घेऊन चाकाच्या आडबाजूला घासावं. कपडा काळा झाला तर धातू उघडा आहे, तो काळा रंग ॲल्युमिनियमच्या सूक्ष्म कणांचा असतो. कपडा काळा झाला नाही तर वर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक संरक्षक लेपाचा, थर आहे आणि तिथे मेटल पॉलिशचं कामच नाही, उलट लॅकर खरवडला जाईल. आजकालची डायमंड कट, म्हणजे लेथवर कापून चकचकीत केलेली, चाकं बहुधा लॅकरचीच असतात.

पॉलिशचा प्रत्येक हात धातू काढून घेतो. म्हणून धुणं वारंवार आणि पॉलिश क्वचित, असा क्रम ठेवावा. घाट उतरून आल्या आल्या चाक धुऊ नये. गरम धातूवर रसायनाची क्रिया वेगानं होते आणि द्रव वाळून डाग धरतो. चाक गार झालं की आधी पाण्यानं वाळूचे कण घालवावेत, मग गाड्यांच्या उदासीन शाम्पूनं मऊ ब्रश फिरवावा. बोअरचं पाणी असेल तर लगेच पुसून कोरडं करावं, नाहीतर क्षारांचे पांढरे ठिपके उरतात.

पॉलिशनंतर उघड्या धातूवर काहीतरी आवरण हवंच. कार्नोबा मेण सुंदर दिसतं, पण ते 82 ते 86 अंश सेल्सिअसला वितळतं आणि ब्रेकजवळच्या चाकावर फार टिकत नाही. कृत्रिम पॉलिमरचं सीलंट जास्त टिकतं, सिरॅमिक कोटिंग त्याहूनही जास्त. ॲनोडायझिंग करून ऑक्साइडच जाड का करू नये? कारण इतक्या सिलिकॉनच्या ओतीव धातूवर तो थर करडा येतो आणि आरसा हरवतो.

लॅकर सर्वांत सोयीचा, पण खडा लागून त्याला टवका उडाला की तिथून ओलावा आणि क्लोराइड आत शिरतात. मग लॅकरखाली नागमोडी पांढरे धागे पसरू लागतात. पॉलिशनं ते जात नाहीत, कारण ते आतल्या बाजूला असतात. लॅकर काढून, चाक लेथवर पुन्हा कापून, नवा थर द्यावा लागतो. प्रत्येक कापणीत धातू कमी होतो, त्यामुळे हे एका चाकावर मोजक्याच वेळा करता येतं. टवका दिसला की लगेच बुजवून घेणं त्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.